मोडण्यावर चालणारं घड्याळ

विहिरीवरच्या पत्र्याच्या पेटीत तीन बारीक दिवे असतात. तिन्ही लागले की थ्री फेज आली. जत तालुक्यात ज्यांचं रान आहे त्यांना याहून जास्त सांगायला नको. रात्री साडेबाराला उठून त्या तीन दिव्यांकडं बघत बसणं काय असतं, हे इथल्या घराघरात ठाऊक आहे. शेतीपंपाची वीज पाळीपाळीनं येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की खोरं, बॅटरी आणि घोंगडं घेऊन माणसं रानात जातात, दारं धरतात, आणि उजाडल्यावर धारा काढायला घरी येतात.

मागच्या हिवाळ्यात आमचे अण्णा, म्हणजे माझे थोरले बंधू, मक्याला पाणी पाजत होते. पहाटे चारच्या सुमाराला मी रानात गेलो तर ते खोऱ्याच्या दांड्यावर दोन्ही हात आणि हातांवर हनुवटी टेकून उभे. सरी केव्हाच भरली होती. पाणी बांध फोडून शेजाऱ्याच्या हरभऱ्यात शिरलं होतं, अण्णांचे पाय घोट्यापर्यंत चिखलात होते आणि बॅटरीचा झोत समोरच्या बाभळीवर पडून राहिला होता. हाक मारल्यावर म्हणाले, "झोपलो नव्हतो रं, डोळं उघडंच हुतं." ते खरंच बोलत होते. जागरणात मेंदू काही सेकंद मिटतो, डोळे उघडे राहतात आणि माणसाला स्वतःला त्याचा पत्ता लागत नाही.

मी जीवशास्त्र शिकवतो. शरीराचं घड्याळ हा विषय वर्गात अनेकदा फळ्यावर काढला आहे. अण्णांना त्या रात्री बांधावर बसवून चहा दिल्यावर वाटलं की हे फळ्यावरचं आपण रानापर्यंत कधी आणलंच नाही. म्हणून हा लेख रात्री दारं धरणाऱ्यांसाठी, कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्यांसाठी आणि फडात रात्री गाडी भरायला उठणाऱ्या जोड्यांसाठी आहे. नियम नुसते पाठ केले तर दोन दिवसांत सुटतात. म्हणून आधी घड्याळ कसं चालतं ते सांगतो, मग त्याला कसं सांभाळायचं ते.

पूर्वी लग्नघरी जोशीबुवा घंगाळातल्या पाण्यावर तांब्याची एक वाटी सोडत. वाटीच्या बुडाला बारीक भोक. त्यातून पाणी आत येत येत वाटी बुडाली की एक घटका झाली, म्हणजे २४ मिनिटं. अशा साठ घटका म्हणजे एक दिवस. त्या घटिकापात्रात सगळी करामत भोकाची. भोक किंचित मोठं झालं तर घटका लवकर भरते, त्यात कचरा अडकला तर उशिरा. आपल्या पेशीतलं घड्याळ याच जातीचं आहे. फरक इतकाच की तिथं वाटी भरते लवकर आणि रिकामी व्हायला वेळ घेते. ती किती वेगानं रिकामी होते, यावर आपला दिवस किती तासांचा ते ठरतं.

वाटीत पाण्याऐवजी प्रथिनं असतात. पेशीच्या केंद्रकात 'क्लॉक' आणि 'बीमॅल' नावाची दोन प्रथिनं जोडीनं डीएनएवर बसतात आणि काही जनुकं चालू करतात. त्या जनुकांपासून 'पिरियड' आणि 'क्रिप्टोक्रोम' ही दुसरी प्रथिनं तयार होतात. ती साठत जातात, एकमेकांना धरून केंद्रकात परत येतात आणि ज्या जोडीनं त्यांना जन्म दिला तिलाच थोपवून धरतात. उत्पादन बंद. आता पेशीत आहे तेवढाच साठा. तो संपेपर्यंत जोडी गप्प, संपला की जोडी मोकळी आणि नवा दिवस सुरू.

साठा आपोआप आटत नाही. तो मोडावा लागतो, आणि मोडण्यासाठी पेशीत शिस्तशीर व्यवस्था आहे. केसीन कायनेज नावाचं विकर पिरियड प्रथिनावर फॉस्फेटचे बारीक ठिपके लावत राहतं. ठरावीक ठिपके पुरे झाले की दुसरं एक प्रथिन ते ओळखतं आणि त्याच्यावर 'युबिक्विटिन' नावाच्या छोट्या प्रथिनाची साखळी बांधली जाते. माडग्याळच्या बाजारात विकलेल्या मेंढीच्या पाठीवर रंगाचा पट्टा ओढतात, तशी ही खूण. हिचा सौदा झाला, हिला आता बाजूला घ्या. खूण लागलेलं प्रथिन 'प्रोटिअसोम' नावाच्या पिंपासारख्या यंत्रात ओढलं जातं आणि त्याचे तुकडे होऊन बाहेर पडतात. तुकड्यांतून पेशी नवी प्रथिनं बांधते, वाया काही जात नाही. क्रिप्टोक्रोमला खूण लावणारं प्रथिन वेगळं आहे, पण पिंप तेच. युबिक्विटिनची खूण लावून प्रथिनं मोडण्याच्या या व्यवस्थेच्या शोधासाठी ॲरन सिकॅनोव्हर, अव्रम हेर्श्को आणि अर्विन रोझ यांना २००४ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. रक्ताच्या एका कर्करोगावर आपल्याकडंही दिलं जाणारं बॉर्टेझोमिब हे औषध याच पिंपाचं काम बंद पाडतं, इतका हा शोध दवाखान्यापर्यंत पोचला आहे.

मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटतं ते हे: प्रथिन बनायला फार वेळ लागत नाही. ते बनवून लगेच मोडलं असतं तर हे चक्र थोड्याच तासांत फिरून आलं असतं. ते २४ तासांपर्यंत ताणलं जातं ते ठिपके सावकाश पडतात म्हणून, आणि मोडणी सुरू व्हायला मुद्दाम उशीर होतो म्हणून. आपण बांधण्याचं कौतुक करतो, पण दिवसाची लांबी मोडण्यानं ठरते.

हे कशावरून? एका उंदरासारख्या प्राण्यावरून. १९८८ साली अमेरिकेत मार्टिन राल्फ आणि मायकेल मेनाकर यांच्या प्रयोगशाळेत आलेल्या सोनेरी हॅमस्टरांत एक नर निघाला, त्याचं घड्याळ २४ ऐवजी सुमारे २२ तासांचं होतं. त्याच्या वंशात ज्यांना तो दोष आईबापांकडून दुहेरी मिळाला त्यांचा दिवस २० तासांवर आला. पुढं २००० साली कळलं की दोष त्या ठिपके लावणाऱ्या केसीन कायनेजमध्येच होता. उलट बाजूचा पुरावा २००७ साली आला. क्रिप्टोक्रोमला खूण लावणारं प्रथिन ज्यांच्यात बिघडलं होतं अशा उंदरांचा दिवस २६-२७ तासांपर्यंत लांबला. मोडणी जलद, दिवस आखूड. मोडणी संथ, दिवस लांब.

आणि माणसात? अमेरिकेतल्या एका कुटुंबातली माणसं संध्याकाळी साडेसातला पेंगायची आणि पहाटे साडेचारला टक्क जागी व्हायची, पिढ्यान् पिढ्या. लुई टाचेक, यिंग-हुई फू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली कारण दाखवून दिलं. पिरियड प्रथिनाच्या ६६२ व्या जागेवर एका अमिनो आम्लाऐवजी दुसरं आलं होतं. सगळेच ठिपके मोडणीकडं नेत नाहीत; त्या जागेवर पडणारा ठिपका एरवी प्रथिनाला मोडण्यापासून वाचवतो. तो पडेनासा झाला, प्रथिन लवकर मोडू लागलं आणि अख्खं घर कोंबड्याच्या आधी उठू लागलं. आपल्या घरातही असा एखादा आजोबा असतोच, ज्यांना साडेचारनंतर अंथरुणात पडवत नाही. आणि असा एखादा पोरगाही, ज्याला रात्री बारापर्यंत झोप येत नाही आणि सकाळी आठला उठवताना घर डोक्यावर घ्यावं लागतं. प्रत्येकात इतका ठळक दोष असतो असं नाही. पण घड्याळाचा वेग माणसागणिक थोडाथोडा वेगळा असतो, विशीतल्या पोरांचं मागं पडतं आणि म्हातारपणी पुढं सरकतं, हे पक्कं आहे. त्या पोराला आळशी म्हणणं सोडून द्यावं. पुढं त्याचा उपयोगच आहे, सांगतो.

हे घड्याळ शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत आहे: यकृतात, स्वादुपिंडात, स्नायूंत. या सगळ्यांचा म्होरक्या मेंदूच्या तळाशी बसतो. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथं एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत, सुमारे २० हजार पेशी. या म्होरक्याला वेळ सांगतो उजेड. डोळ्यांच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्यांचं मुख्य काम चित्र बघणं हे नसून नुसता उजेड मोजणं हे आहे, आणि निळसर उजेडानं त्या सर्वांत जास्त चेततात. यकृताला मात्र उजेडापेक्षा जेवणाची वेळ जास्त कळते. माणसाचं घड्याळ मोकळं सोडलं तर ते सरासरी २४ तास ११ मिनिटांचं निघतं, म्हणजे रोज थोडं मागं पडणारं. सकाळचं ऊन ते रोज दुरुस्त करतं. यात जतकरांसाठी एक बारीक गोष्ट आहे. आपलं घड्याळ प्रयागराजजवळच्या रेखांशावर लावलेलं. जत त्याच्या बरंच पश्चिमेला. म्हणून आपल्याकडं सूर्य डोक्यावर येतो तो साधारण साडेबाराला, बाराला नाही. मनगटावर सहा वाजतात तेव्हा शरीराच्या हिशेबानं साडेपाचच झालेले असतात.

आता रात्रीच्या बॅटरीकडं येऊ. म्होरक्या पेशींत पिरियडची वाटी संध्याकाळच्या सुमाराला भरते, रात्रभर मोडत जाते आणि पहाटेपर्यंत जवळपास रिकामी होते. डोळ्यांत उजेड गेला की पेशी नवं पिरियड बनवायला घेते. रात्रीच्या पहिल्या अर्ध्यात हे झालं तर भरलेल्या वाटीत आणखी भर पडते, रिकामी व्हायला उशीर होतो आणि सगळं घड्याळ मागं सरकतं. पहाटे, वाटी रिकामी असताना उजेड मिळाला तर उत्पादन लवकर सुरू होतं आणि घड्याळ पुढं येतं. एकच उजेड, पण रात्री दहाचा आणि पहाटे सहाचा उजेड शरीराला उलट दिशांना ओढतो. हे एवढं वाक्य लक्षात राहिलं तरी या लेखाचं निम्मं काम झालं.

दुसरी गोष्ट, हे घड्याळ हट्टी आहे. दिवसाला साधारण एक तास, त्याहून जास्त ते सरकत नाही. वीज रात्रीची येते तीन-चार दिवस, मग पुन्हा दिवसाची. शरीर रात्रीकडं वळायला लागतं न लागतं तोच पाळी बदलते. म्हणून माझं पहिलं आणि ठाम सांगणं असं आहे की दारं धरणाऱ्यानं शरीराला रात्रीची सवय लावायच्या भानगडीत पडू नये. "एकदा सवय झाली की काही वाटत नाही" हे ऐकायला बरं वाटतं, पण तीन-चार दिवसांच्या पाळीत ती सवय होतच नाही, नुसता गोंधळ होतो. घड्याळ दिवसाच्या बाजूलाच बांधून ठेवायचं आणि रात्रीचं काम हा अपवाद म्हणून निभवायचा. ज्यांची रात्रपाळी सलग पंधरवडाभर किंवा अख्खा हंगाम असते त्यांचा हिशेब वेगळा. त्यांनी कामावर भरपूर उजेडात राहावं, सकाळी घरी येताना गडद चष्मा लावावा, आल्याबरोबर अंधाऱ्या खोलीत झोपावं आणि सुट्टीच्या दिवशीही निम्मी झोप त्याच वेळेला घ्यावी.

घड्याळ बांधून ठेवायचा खुंटा म्हणजे ठरलेली चार तासांची झोप. इंग्लंडमध्ये मायनर्स आणि वॉटरहाउस या दोघा संशोधकांनी दाखवलं की रोजच्या झोपेपैकी निदान चार तास ठरल्या वेळी घेतले आणि उरलेली झोप इकडंतिकडं झाली, तरी शरीराची लय जागेवर राहते. वीज बाराला येणार असेल तर रोज रात्री आठ ते बारा ही झोप ठरवून टाका. रोज म्हणजे दिवसाची वीज असतानाही. त्या दिवसांत बाराला उठायचं नाही, पुढं झोपायचं, एवढाच फरक. मालिका, मोबाईल, पारावरच्या गप्पा या आठच्या आत आटपाव्या लागतात, हे मला माहीत आहे. आमच्या घरी पहिले दोन आठवडे यावरून कुरबूर झाली. तिसऱ्या आठवड्यात अण्णा स्वतःच साडेसातला हातपाय धुऊन आत जायला लागले.

वीज दहालाच येत असेल तर हा खुंटा एकट्याला ठोकता येत नाही. तिथं रात्र वाटून घ्यावी लागते, आणि वाटताना मघाचा आजोबा आणि मघाचा पोरगा कामाला येतात. ज्याचं घड्याळ मागं आहे, त्यानं पहिला अर्धा भाग धरावा. कॉलेजातला पोरगा दोन वाजेपर्यंत सहज जागतो. त्याच्या पिरियडची वाटी अजून पुरती रिकामी व्हायची असते. ज्याचं घड्याळ पुढं आहे, त्यानं नऊला झोपून दोनला उठावं. साठीच्या माणसाला पहाटेचं काम जड जात नाही, फक्त त्याला एकटं पाठवू नये. बहुतेक घरांत याच्या उलट चालतं. कर्ता पुरुष सगळी रात्र ओढतो, पोरगं घरात मोबाईल बघत एकपर्यंत जागंच असतं आणि म्हातारा चारपासून ओट्यावर बसून असतो. जागणारे तिघं, राबणारा एक.

उजेडाचं म्हणाल तर आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. माळरानाला फुरसं आहे, घोणस आहे, मण्यार आहे. घड्याळ सांभाळायला म्हणून कुणीही अंधारात पाय टाकू नये. बॅटरी हवीच, गमबूट हवेतच. पण झोत पायाखाली ठेवा, डोळ्यांत नको. पांढऱ्या एलईडीच्या उजेडात निळा भाग जास्त असतो, म्हणून पेटीजवळ कायमचा दिवा लावायचा असेल तर पिवळसर घ्या. मोटार चालू करून बांधावर बसल्यावर मोबाईल बघू नका. तो चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर असतो, आणि तेव्हा वेळ नेमकी घड्याळ मागं ढकलणारी असते. कंटाळा आला तर रेडिओ लावा, गाणी ऐका, कानांनी काही बिघडत नाही. काम संपवून उजाडता उजाडता घरी आलात की लगेच आत जाऊ नका. अर्धा तास अंगणात, गोठ्यात, उन्हाकडं तोंड करून काढा. रात्रीनं मागं ओढलेलं घड्याळ हे ऊन पुढं आणतं. मग झोपा.

ती झोप कुठं? पत्र्याच्या खोलीत दहानंतर झोप लागत नाही, अंग भाजतं. ज्यांचं जुनं माळवद अजून शाबूत आहे त्यांनी त्याच्या मधल्या खोलीत झोपावं. जाड मातीच्या भिंती, वरून मातीचं छत, गारवा आणि अंधार. या कामासाठी माळवदासारखं घर मला ठाऊक नाही. नसेल तर खिडकीला वाकळ टांगावी. ठरलेली चार तासांची झोप रात्री झाली असेल तर सकाळी दोन-अडीच तास पुरतात. दुपारी लांबलचक झोपू नका, नाहीतर रात्री आठला डोळा लागणार नाही. आणि घरातल्यांनी ही झोप रात्रीच्या झोपेसारखीच मानावी. रात्रभर पाणी पाजून आलेल्या माणसाला "दुपारी कसला झोपतोयस" म्हणून उठवणारे शेजारी आपल्याकडं कमी नाहीत. बायांचं तर त्याहून अवघड आहे. नवऱ्याबरोबर रात्री बॅटरी धरून उभी राहिलेली बाई सकाळी धार, पाणी, भाकरी यांतून सुटत नाही. तिच्या पेशीतही तेच पिंप आहे आणि तेच ठिपके. सकाळचे दोन तास तिला मिळतील अशी वाटणी घरातच व्हायला हवी.

आता जेवण. इथंही मोडणीच आहे, म्हणून थोडं खोलात जातो. पेशीतलं इंधन कमी झालं की एक विकर जागं होतं, आणि ते क्रिप्टोक्रोमवर असे ठिपके लावतं की त्याची मोडणी वाढते. २००९ साली हे उंदरांत दिसून आलं. भूक आणि भरलेलं पोट यांची खबर घड्याळाला मिळण्याची ही एक सरळ वाट आहे. रात्री दोनला भाकरी-कालवण खाल्लं तर यकृताला वाटतं दिवस उजाडला. मेंदूतला म्होरक्या म्हणतो रात्र आहे. एका शरीरात दोन वेळा लागतात. २०२१ साली बोस्टनमध्ये १९ तरुण माणसांवर केलेल्या प्रयोगात त्यांना रात्रपाळीसारखं जागवलं. ज्यांना रात्री जेवण दिलं त्यांच्या रक्तातली साखर सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली, ज्यांना फक्त दिवसा जेवू घातलं त्यांची वाढली नाही. जागरण दोघांचं सारखंच होतं.

तेव्हा मुख्य जेवण साडेसहा-सातला, झोपायच्या आधी तासभर. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, पोटभर. रात्री रानात डबा नेऊ नका. पोटात कालवलंच तर ताक आणि मूठभर शेंगदाणे. सकाळी उजाडल्यावर न्याहारी करा आणि मग आडवे व्हा. चहा पहिल्या अर्ध्यात एक-दोन कप ठीक, रात्री एक वाजल्यानंतर नको. चहातलं कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, आणि ते नुसती झोप उडवत नाही, घड्याळही मागं सारतं. झोपायच्या तीन तास आधी घेतलेल्या कडक कॉफीनं ते सुमारे ४० मिनिटं मागं गेल्याचं २०१५ साली मोजलं गेलं आहे. जागं राहण्यासाठी तंबाखू-मिसरी नको.

पहाटे तीन ते पाच हा सर्वांत कठीण काळ. शरीराचं तापमान तेव्हा तळाला असतं, हातांचा वेग आणि डोक्याची धार दोन्ही उतरलेली असतात. त्या वेळेत स्टार्टर उघडून दुरुस्ती करू नका. ओले हात, ओली जमीन आणि झोपाळलेला मेंदू एकत्र आले की काय होतं ते प्रत्येक गावानं एकदा तरी बघितलं आहे. मोटार बंद पडली तर बंद राहू द्या, उजाडल्यावर बघा. विहिरीच्या काठावर त्या वेळेला एकट्यानं उभं राहू नका. मोटारसायकलवरून घरी जायच्या आधी वीस मिनिटं खोपीत पाठ टेका. गजर लावून, वीसच मिनिटं. उसाचा ट्रॅक्टर हाकणाऱ्यांना हे दुप्पट लागू आहे.

डाळिंब-द्राक्षाची बाग ठिबकवर असेल तर ऑटोस्विच, टायमर आणि पाणी संपल्यावर मोटार बंद करणारं उपकरण यांवर खर्च करा, दुसऱ्या कुठल्याही वस्तूआधी. ज्या रात्री तुम्ही उठतच नाही त्या रात्रीसारखा उपाय नाही. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना चालू आहे, वैयक्तिक सौरपंपांच्या योजनाही आहेत; ग्रामसभेत आपला फीडर त्यात कधी येणार हे विचारत राहिलं पाहिजे. हा झोपेचा आणि आरोग्याचा प्रश्न आहे, हे तिथं मोठ्यानं सांगायला हवं. रात्रपाळीचं काम कर्करोगाला कारणीभूत असण्याची दाट शक्यता असलेल्या गोष्टींत जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००७ साली टाकलं आणि २०१९ साली पुन्हा तपासून तिथंच ठेवलं. चार रात्रींनी काही होत नाही, पण वर्षानुवर्षांचा हा हिशेब आहे.

आपल्या तालुक्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्यांना, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्यांना, यातलं फार थोडं आपल्या हातात ठेवता येतं, हे मी जाणतो. गाडी रात्री एकला आली तर एकला भरावी लागते. तरी दोन गोष्टी खोपीतही जमतात. रात्रीच्या जेवणाची वेळ दिवस मावळायच्या आसपास धरून ठेवणं, आणि गाडी भरून झाल्यावर पुन्हा न जेवता झोपणं. मुकादमांना एकच विनंती: भरणीची पाळी रोज त्याच जोडीवर आणू नका.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी जेवणाच्या वेळा स्वतःच्या मनानं बदलू नयेत. रात्रीच्या पाळीचे दिवस डॉक्टरांना सांगून औषधाच्या वेळा लावून घ्याव्यात. रक्तदाबाचं, फिटचं औषध असेल तरी तेच. झोपेच्या गोळ्या आणि मेलॅटोनिन दुकानातून आपल्या मनानं आणू नका. आणि जो माणूस घोरता घोरता गुदमरतो, पुरेशी झोप होऊनही दिवसभर पेंगतो, त्याचं दुखणं बहुधा वेगळं आहे. त्याला दवाखान्यात न्या.

सुरुवात कुठून करायची? आपलं स्वतःचं घड्याळ ओळखण्यापासून. दिवसाची वीज असलेले चार दिवस निवडा, गजर लावू नका, कधी झोप लागली आणि कधी आपसूक जाग आली ते लिहून ठेवा. झोपेचा मध्य काढा. नऊला लागून पाचला जाग येत असेल तर मध्य एक वाजता. घरातल्या सगळ्यांचे मध्य मांडले की कुणी पहिला अर्धा धरायचा आणि कुणी दुसरा, ते आपोआप समोर येतं. आम्ही ते पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहिलं आहे. पुतण्याचा मध्य साडेचार, माझा अडीच, अण्णांचा सव्वा. त्याखाली या पाळीच्या रात्री: पुतण्या बारा ते अडीच, अण्णा अडीच ते पाच, पुढं उजाडेपर्यंत मी. परवाच्या पाळीत अण्णा अडीचला येऊन पुतण्याच्या हातातलं खोरं घेताना म्हणाले, "जा आता, मोबाईल न बघता नीज." पोरगं गेलं. सरी भरत आली होती. अण्णांनी वाकून दार बांधलं, पुढचं फोडलं.